न टोचणारी सुई

ज्ञानेश्वरीला इंजेक्शन देता येत नाही ही बाब तीन वर्षांत कोणाच्याही निदर्शनास आली नाही, कारण त्या विषयात तिला वर्गात सर्वाधिक गुण होते. सुयांचे प्रकार, दंडाचा नेमका भाग, कमरेचा नेमका भाग, टोचण्यापूर्वी घ्यायची काळजी आणि टोचल्यानंतर घ्यायची काळजी हे सगळे तिला तोंडपाठ होते. मधली टोचण्याची क्रिया तेवढी राहून गेली होती.

दोष तिचा नव्हता. कॉलेजात प्रात्यक्षिकासाठी माणसाएवढा एक प्लास्टिकचा पुतळा होता. संस्थेचे अध्यक्ष छगनराव यांच्या हस्ते त्याचे पूजन झाले, हार घालण्यात आला आणि नंतर तो काचेच्या कपाटात उभा करण्यात आला. पहिल्याच तुकडीतल्या एका मुलीने त्याला खरोखर सुई टोचल्यामुळे त्याच्या दंडाला बारीक भोक पडले. चौकशी झाली. पुतळ्यास छिद्र पाडणे हे संस्थेच्या मालमत्तेचे नुकसान समजण्यात येईल अशी सूचना कपाटावर चिकटवण्यात आली आणि कपाटाची किल्ली छगनरावांच्या खिशात गेली.

मग प्राचार्याबाईंनी मोसंबीवर सराव घ्यायचे ठरवले. पण छगनरावांची स्वतःची मोसंबीची बाग होती. फळाला सुया टोचताना पाहून ते व्यथित झाले आणि शेतकऱ्याच्या मालाची अशी विटंबना आपल्या संस्थेत होणार नाही, असे त्यांनी झेंडावंदनाच्या भाषणात जाहीर केले. मुलींनी एकमेकींना टोचावे असाही प्रस्ताव आला होता. त्यावर पालकांनी लेखी हरकत घेतली. शेवटी प्राचार्याबाईंनी सर्वमान्य तोडगा काढला. सुईवरचे प्लास्टिकचे टोपण न काढता, कपाटाच्या काचेवर सुई टेकवायची, दट्ट्या दाबायचा, कापसाच्या बोळ्याने काच पुसायची. या पद्धतीने काचही स्वच्छ राहू लागली.

ज्ञानेश्वरी सोनईची. घरी ऊस आणि कांदा. घराण्यातली पहिली नर्स म्हणून तिचे कौतुक इतके, की दिवाळीत ती घरी गेली की आत्या, मावश्या, शेजारीपाजारी बाही वर करूनच भेटायला येत. सुट्टीत इंजेक्शन द्यायला परवानगी नसते असे ती त्यांना सांगे. सांगताना तिला बरे वाटत नसे. तिला मनापासून नर्स व्हायचे होते, आणि आपल्याला काच पुसण्यापलीकडे काही येत नाही हे तिच्याइतके स्पष्ट कोणालाच ठाऊक नव्हते.

शेवटच्या वर्षी तिला अनुभवासाठी काष्टीच्या पुढे लोणटेक नावाच्या गावातल्या रुग्णालयात पाठवण्यात आले. तिथे डॉक्टर रविराज होते आणि इन्चार्ज सिस्टर मुबारकबी होत्या. मुबारकबींची नोकरी निवृत्तीला आली होती. पूर्वी त्या दिवसभर रुग्ण पाहत. आता सगळी माहिती ऑनलाइन भरायची असल्याने त्या दिवसभर संगणक पाहत. बाळांच्या लसीकरणाला तेवढ्या उठत, बाकी सगळा वेळ मोबाईलवर येणाऱ्या ओटीपीची वाट बघत बसत. ज्ञानेश्वरी आली तेव्हा त्यांनी मान वर न करता तिला इंजेक्शनच्या टेबलाकडे बोट दाखवले.

पहिली रुग्ण छबूबाई. गुडघे दुखतात म्हणून आलेली. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या होत्या, पण ती खुर्चीवरून उठेना. गोळ्या किराणा दुकानातही मिळतात, त्यासाठी आपण एवढ्या लांब आलो नाही, सुई मिळाल्याशिवाय जाणार नाही, असे तिने शांतपणे सांगितले. बाहेर रांग वाढत होती. डॉक्टरांनी नाइलाजाने ताकदीचे एक इंजेक्शन लिहिले.

ज्ञानेश्वरीने औषध भरले. छबूबाईने डोळे मिटले होते आणि ज्ञानेश्वरीनेही. तीन वर्षांची सवय हातात होती. तिने सुईवर परत टोपण चढवले, दंडाला टेकवले, दट्ट्या दाबला आणि बोळ्याने पुसले. औषध टोपणातून गळून बोळ्यात जिरले. डोळे उघडल्यावर आपण काय केले हे तिच्या लक्षात आले.

"झालं?" छबूबाईने विचारले.

ज्ञानेश्वरीने मान हलवली, ती होकाराची की नकाराची हे तिलाही सांगता आले नसते.

"मला तर कळलं बी न्हाई, पोरी," छबूबाई म्हणाली. "इतकी वरसं सुया घेतल्या, असा हात न्हाई पायला." आणि येताना दोघींनी धरून आणलेली ती बाई एकटीच पायऱ्या उतरून गेली.

ज्ञानेश्वरी लगेच मुबारकबींकडे गेली आणि आपल्या हातून मोठी चूक झाली असे सांगू लागली. त्याच क्षणी ओटीपी आला. मुबारकबींनी हाताने थांब म्हटले, आकडे भरले, तोवर मुदत संपली आणि नवा ओटीपी मागवावा लागला. मग ती डॉक्टरांकडे गेली. तिथे छबूबाई खिडकीतून डॉक्टरांना आशीर्वाद देत होती. आशीर्वाद मिळायचा प्रसंग डॉक्टरांवर फार दिवसांनी आला होता. त्यांनी ज्ञानेश्वरीचे काही ऐकून घ्यायच्या आतच तिला शाबासकी दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच रांग फाटकाबाहेर गेली. ज्यांना आजार होता ते आले, ज्यांना नव्हता तेही आले. सगळ्यांना ताकदीचे इंजेक्शन हवे होते आणि ते सोनईच्या पोरीकडूनच हवे होते. ज्ञानेश्वरीने रात्रभर स्वतःला बजावले होते. तिने पहिल्याच माणसासाठी टोपण काढले. उघडी सुई पाहताच तो माणूस सुई लागायच्या आधीच ओरडला. रांगेत चुळबूळ झाली. डॉक्टर धावत आले आणि काय केलेस म्हणून विचारू लागले.

"सर, काल टोचताना मी टोपण काढलंच नव्हतं," ती म्हणाली. "औषध आत गेलंच नाही."

डॉक्टर रविराज वाईट माणूस नव्हते. त्यांनी तिला बाजूला घेतले. या लोकांना मुळात सुईची गरज नाही, आपण ती गर्दी हटवण्यासाठी लिहितो, असे त्यांनी तिला समजावले. ज्याची गरज नाही ते आत गेले काय आणि बाहेर राहिले काय, वैद्यकीयदृष्ट्या एकच. उलट न गेलेले बरे. मग ते बाहेर आले आणि रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "काल जसं दिलं तसंच द्यायचं." हा वरिष्ठांचा आदेश होता. ज्ञानेश्वरीने टोपण चढवले.

खरी गरज असलेले रुग्ण डॉक्टर नगरला पाठवत. बाळांच्या लसी मुबारकबी स्वतः देत, टोपण काढून. बाळे रडत, पण बाळांना तक्रार अर्ज करता येत नसल्याने त्याचा बोभाटा होत नसे. ज्ञानेश्वरी वेळ मिळाला की तिथे जाऊन उभी राही आणि त्यांचा हात बघे. एकदा तिने धीर करून मला शिकवा म्हणून विचारले. मुबारकबींनी पदर सारून आपला दंड पुढे केला.

"टोच. माझ्या दंडाचं काय बिघडतंय. फक्त हात मध्येच थांबवायचा नाही. थांबला की दुखतं."

ज्ञानेश्वरीने सुई धरली आणि ओटीपी आला. मुबारकबी उठल्या. त्या दिवशी माहिती भरायची शेवटची तारीख होती.

लोणटेकची कीर्ती वरिष्ठ कार्यालयात पोचायला वेळ लागला नाही. एका रुग्णालयातून तक्रारीच येत नाहीत म्हणजे तिथे काहीतरी गैरप्रकार असावा, या संशयाने एक अधिकारी आले. त्यांनी स्वतः इंजेक्शन घेतले आणि आनंदाने परतले. मग आणखी अधिकारी आले. प्रत्येकजण बाही वर करी, डोळे मिटी, आणि काहीच जाणवले नाही असा अभिप्राय देई. या पद्धतीला 'लोणटेक पॅटर्न' असे नाव पडले. कॉलेजच्या फाटकावर फलक लागला. त्यावर छगनरावांचा फोटो मोठा होता आणि कोपऱ्यात ज्ञानेश्वरीचा हात होता.

नगरला मोठ्या सभागृहात तिचे प्रात्यक्षिक ठेवण्यात आले. समोर सगळ्या तालुक्यांतल्या नर्सेस बसल्या होत्या. मंचावर अधिकारी दंड उघडे करून ओळीने बसले होते. या कार्यक्रमासाठी सोनईहून तिचे आईवडील आले होते आणि पहिल्या रांगेत अवघडून बसले होते. त्यांना बघून ज्ञानेश्वरीने ठरवले की आता खोटे पुरे. या यशाचे रहस्य काय असे निवेदकाने विचारताच तिने ध्वनिक्षेपक हातात घेतला आणि सरळ सांगून टाकले की ती सुईचे टोपण काढत नाही, औषध कोणाच्याही अंगात जात नाही, आणि तिला इंजेक्शन देता येत नाही.

मंचावरचे अधिकारी एकमेकांकडे पाहू लागले. त्यांतल्या प्रत्येकाने औषध लागू पडल्याचा लेखी अभिप्राय दिलेला होता. एकाने तर त्यामुळे जुनी पाठदुखी थांबल्याचे छायाचित्रासह कळवले होते. अखेर सर्वांत ज्येष्ठ अधिकाऱ्यांनी घसा खाकरला. इतके सोपे उत्तर इतकी वर्षे आपल्यापैकी कोणालाच सुचू नये याचा त्यांनी खेद व्यक्त केला. टोपण न काढल्याने वेदना नाही, रक्त नाही, सुई बोचण्याचा धोका नाही आणि सुया पुन्हा वापरता येतात. एवढे बोलून त्यांनी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवली. आईने पदराने डोळे पुसले. ज्ञानेश्वरी मंचावर तशीच उभी राहिली; आता यापेक्षा खरे कसे बोलायचे हे तिला सुचत नव्हते.

आठवड्याभरात परिपत्रक निघाले. विषय होता, सुईचे टोपण न काढणेबाबत. टोपण काढल्याने रुग्णांस वेदना होतात असे निदर्शनास आले असून यापुढे प्रौढ रुग्णांस पॅटर्नप्रमाणेच सुई द्यावी, टोपण काढणे अपरिहार्य असल्यास पूर्वपरवानगी घ्यावी, असे त्यात म्हटले होते. सर्व अनुभवी नर्सेसना नव्या पद्धतीचे प्रशिक्षण सक्तीचे झाले. मुबारकबींनाही बोलावणे आले. हयातभर टोचत आलेल्या बाईने, न टोचायला कसे शिकायचे या चिंतेने पिशवी भरली आणि त्या एसटीने नगरला गेल्या.

त्याच दिवशी छगनरावांना कुत्रा चावला.

बागेत फिरताना एक भटके कुत्रे कुठूनसे आले आणि पोटरीला झोंबले. कुत्र्याच्या तोंडाला फेस होता असे गड्याने पाहिले. छगनराव गाडीत बसून थेट लोणटेकला आले. वाटेत दोन मोठी रुग्णालये लागली होती, पण तिथे सुई दुखते हे त्यांना ऐकून माहीत होते. खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी सांगितले की लस आपल्याला पॅटर्नप्रमाणेच हवी आणि ती ज्ञानेश्वरीनेच द्यायची.

डॉक्टर रविराज यांचा चेहरा उतरला. त्यांनी जखम साबणाने धुऊन घेतली आणि ज्ञानेश्वरीला आतल्या खोलीत बोलावले. पिसाळलेले कुत्रे चावलेल्या माणसाला लस मिळाली नाही आणि रोग उलटला, तर त्यावर औषध नाही, हे दोघांनाही पाठ होते. फ्रिजमध्ये लस होती आणि जखमेभोवती द्यायचे औषधही होते. टोपण काढायला परवानगी लागणार होती. डॉक्टरांनी वरिष्ठ कार्यालयाला फोन लावला. सगळे अधिकारी प्रशिक्षणात होते, संध्याकाळी अर्ज मेल करा असे उत्तर आले. मुबारकबींचा फोन बंद होता. डॉक्टर म्हणाले की त्यांनी स्वतः लस दिली असती, पण इंटर्नशिपनंतर त्यांनी सुई हातात धरलेली नाही, शिवाय परिपत्रक मिळाल्याची त्यांनी सही दिलेली आहे.

"मग काय करायचं सर?" तिने विचारले.

"मी बाहेर फोनवर आहे," डॉक्टर म्हणाले, आणि खरोखरच बाहेर जाऊन फोन कानाला लावून उभे राहिले.

ज्ञानेश्वरी लस घेऊन आली. छगनरावांनी दंड पुढे केला आणि डोळे मिटले. टोपणासह सुई टेकवली असती तर ते तिच्या पाठीवर हात ठेवून हसत घरी गेले असते. मग केव्हातरी पाण्याला घाबरू लागले असते. हा माणूस तिला आवडत नव्हता. पण त्याच्या दंडावर देवीच्या लसीचा एक जुना वण होता. कोणीतरी, केव्हातरी, हा रडत असताना याला धरून टोचले होते आणि म्हणून हा एवढा मोठा झाला होता. ती त्या वणाकडे बघत राहिली. मग तिने टोपण काढून टेबलावर ठेवले.

तिने हात मध्येच थांबवला नाही. कातडीने किंचित विरोध केला आणि मग वाट दिली. दट्ट्या खाली गेला आणि या वेळी काहीही गळले नाही. बोळ्यावर रक्ताचा बारीक ठिपका उमटला. तीन वर्षांत पहिल्यांदाच आपण नर्स आहोत असे तिला वाटले.

छगनरावांनी डोळे उघडले.

"हे तू टोचलंस," ते म्हणाले.

"हो. आणखी आहेत. पायाला, जखमेभोवती. ते जास्त दुखेल."

त्यांचा आवाज फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीपर्यंत ऐकू गेला. गड्याला आणि ड्रायव्हरला तिने त्यांचे पाय धरायला लावले. सगळे देऊन झाल्यावर तिने पुढच्या डोसांच्या तारखा त्यांना दोनदा समजावून सांगितल्या. गाडीत बसल्या बसल्या छगनरावांनी तिथूनच फोनवर तक्रार केली.

चौकशी समिती नेमण्यात आली. ज्येष्ठ अधिकारी तिचे अध्यक्ष होते. आरोप असा होता की सदर विद्यार्थिनीने रुग्णाच्या शरीरात सुई घुसवली.

"तुम्ही टोपण काढलं, हे खरं आहे का?"

"हो सर."

"कोणाच्या परवानगीनं?"

"औषध आत जायला हवं होतं, सर."

"आम्ही परवानगीबद्दल विचारतोय."

साक्षीला डॉक्टर रविराज होते. आपण त्या वेळी फोनवर होतो असे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले. छबूबाईला गावकऱ्यांच्या वतीने बोलावले होते. तिने पोरीची बाजू घेतली. "पोर लई गुनाची हुती," ती हळहळून म्हणाली. "कुनी तरी तिला टोचायला शिकवलं आन् हात बिघडला."

उरलेले डोस छगनरावांनी नगरच्या एका खाजगी रुग्णालयात जाऊन घेतले. तिथे टोपण काढूनच देत. ते तिथे ओरडले नाहीत. सरकारी सुई दुखली तर ती हेळसांड असते आणि खाजगी सुई दुखली तर तो उपचार असतो, हा फरक त्यांना माहीत होता. कुत्रे पिसाळलेलेच होते, पुढे त्याने चावलेली एक गाय मेली. छगनरावांना काही झाले नाही. आपण वाचलो ते मूळच्या काटक प्रकृतीमुळे, असे ते सत्काराच्या भाषणांत सांगतात.

समितीने ज्ञानेश्वरीच्या शिक्षणाचे एक वर्ष वाढवले. शिक्षा म्हणून तिला मुबारकबींच्या हाताखाली बाळांच्या लसीकरणावर नेमण्यात आले, कारण तिथे टोचलेले चालत होते. मुबारकबी प्रशिक्षणातून प्रमाणपत्र घेऊन परतल्या होत्या. त्यांनी ते कपाटावर ठेवले आणि ओटीपीचा मोबाईल डॉक्टरांच्या टेबलावर नेऊन दिला. निवृत्त व्हायला वर्षच उरले आहे, तेवढे दिवस आपल्याला आपले काम करायचे आहे, असे त्या म्हणाल्या. त्या वर्षात ज्ञानेश्वरी खऱ्या अर्थाने शिकली. निरोपाच्या दिवशी मुबारकबींनी पुन्हा दंड पुढे केला. धनुर्वाताची लस राहिली होती. टोचून झाल्यावर त्या दंडाकडे बघून म्हणाल्या, "दुखलं. चांगलं दिलंस."

आता ज्ञानेश्वरी नगरच्या एका रुग्णालयात नोकरीला आहे. परिपत्रक अजून लागू आहे. इंजेक्शनच्या खोलीत दोन टेबले आहेत. डाव्या टेबलावर पॅटर्नप्रमाणे सुई मिळते, उजव्या टेबलावर ज्ञानेश्वरी बसते. तिच्याकडे येणाऱ्याला टोपण काढण्यास संमती असल्याचे लिहून द्यावे लागते. कोणी खुर्चीत बसून दुखेल का म्हणून विचारलेच, तर ती खरे ते सांगते. मग तो माणूस चप्पल घालून डावीकडे जातो.

तरी तिच्या टेबलासमोर गर्दी असते. आया येतात, बाप येतात, कडेवर बाळ घेऊन येतात आणि दुखेल का हे न विचारता सही करतात. बाळाचे हातपाय घट्ट धरतात. बाळ किंचाळते तेव्हा ते त्याच्या डोक्यावरून हात फिरवतात आणि तिला सांगतात, "द्या तुमी ताई, रडू द्या, त्याच्या भल्याचंच हाय." ती टोचते. बाळ शांत झाले की ते त्याला आजीच्या हाती देतात आणि स्वतःची बाही वर करत डाव्या रांगेत जाऊन उभे राहतात.

तुमच्या कडेवर बाळ नसेल, तर तुमचीही रांग तीच. लांब दिसते, पण पटापट सरकते.